सुसाना वेस्ली : घरालाच शाळा करणारी माता

बालकाच्या मनावर पहिले अक्षर कोणी कोरावे, या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे देवाची वचने मुलाबाळांना शिकवण्याची आज्ञा देतो, तेव्हा तो इस्राएल लोकांना कोणत्याही पाठशाळेची वाट दाखवीत नाही. घर, रस्ता, अंथरूण आणि पहाट हीच त्या शिक्षणाची ठिकाणे आणि ह्याच त्याच्या वेळा. आपल्या मराठी शास्त्रात तेथे बिंबवणे हे क्रियापद योजलेले आहे. मूळ हिब्रू शब्दाचे नाते शस्त्राला धार लावण्याच्या क्रियेशी आहे. धार एका घासण्याने येत नाही; पाते पुन्हा पुन्हा दगडावर फिरवावे लागते, आणि तेही हळुवार हाताने, नाही तर पातेच बोथट होते.

अशी धार लावण्याचे काम जिने वीस वर्षे न थकता केले, त्या एका मातेचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. तिचे नाव सुसाना वेस्ली. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई म्हणून जग तिला ओळखते. तिने कधी मोठ्या सभेत व्याख्यान दिले नाही, परदेशात सेवा केली नाही, आणि तिच्या हयातीत तिच्या नावाची फारशी वाच्यताही झाली नाही. तरीही तिने आपल्या घरात चालविलेल्या शाळेचा प्रभाव दोन खंड ओलांडून आपल्या देशापर्यंत पोहोचला आहे. विशेष म्हणजे त्या शाळेला नवा प्राण देणारी एक ठिणगी आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरून तिच्यापर्यंत गेली होती.

माहेरचा वारसा

सुसानाबाईंचा जन्म 20 जानेवारी 1669 रोजी लंडनमध्ये झाला. वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅनेस्ली हे नावाजलेले प्युरिटन पाळक होते. 1662 साली इंग्लंडच्या प्रस्थापित मंडळीने घातलेल्या अटी विवेकबुद्धीला न पटल्याने सुमारे दोन हजार पाळकांना आपली पदे सोडावी लागली, त्यांपैकी ते एक. सुसाना हे त्यांचे पंचविसावे आणि शेवटचे अपत्य. घरात ग्रंथ भरपूर, विद्वानांचे येणेजाणे सतत, आणि धर्मविषयक चर्चा जेवणाच्या पंगतीतही चालत. मुलीच्या जातीला शिक्षण कशाला, असे मानण्याच्या त्या काळात या धाकट्या लेकीने वडिलांच्या ग्रंथालयात मनसोक्त वाचन केले.

तेरा वर्षे पुरी होण्याच्या आतच तिने दोन्ही बाजूंची मते तपासून वडिलांची मंडळी सोडली व चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जाण्याचा निर्णय घेतला. वडिलांना तो निर्णय रुचणे शक्य नव्हते. परंतु ज्या विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी स्वतःचे पद गमावले होते, ते त्यांनी आपल्या मुलीलाही नाकारले नाही. पितापुत्रीतील जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला. मुलाला विचार करावयास शिकवले तर तो कधी तरी आपल्याहून वेगळाही विचार करील, ही जोखीम त्या पित्याने पत्करली होती. पुढे सुसानाबाईंनाही ती पत्करावी लागली.

तारुण्यातच त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. एका दिवसात प्रार्थनेत व चिंतनात जितका वेळ जाईल, त्याहून अधिक वेळ करमणुकीत घालवायचा नाही. हा नियम त्यांनी पुढे आपल्या थोरल्या मुलाला पत्राने कळविला. आधी स्वतः आचरावे आणि मग मुलांना सांगावे, हा त्यांच्या साऱ्या शिक्षणाचा पाया येथेच दिसतो.

एपवर्थचे कष्टमय घर

1688 साली त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली या तरुण पाळकाशी झाला. सॅम्युएल विद्वान होते, कवी होते, सेवेत तत्पर होते. पण पैशाच्या व्यवहारात कच्चे आणि स्वभावाने हट्टी. लिंकनशायर परगण्यातील साउथ ऑर्म्सबी येथे काही वर्षे काढल्यावर हे कुटुंब एपवर्थ या लहानशा गावी आले. भोवताली दलदलीचा प्रदेश, लोक अडाणी आणि आपल्या पाळकाच्या राजकीय मतांवर रुष्ट. तेथेच सुसानाबाईंच्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे गेली.

1690 ते 1709 या एकोणीस वर्षांत त्यांना एकोणीस मुले झाली. त्यांतील नऊ तान्हेपणीच गेली. उरली दहा : तीन मुलगे आणि सात मुली. सॅम्युएल, एमिलिया, सुसाना, मेरी, मेहेटाबेल, अ‍ॅन, जॉन, मार्था, चार्ल्स आणि केझिया ही त्यांची नावे. नऊ लहानग्या शवपेट्या ज्या घरातून बाहेर पडल्या, त्या घरातील आईने उरलेल्या दहांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पतिपत्नींचा संसारही सदैव सुरळीत नव्हता. राजा विल्यम यांच्यासाठी पतीने केलेल्या प्रार्थनेला सुसानाबाई आमेन म्हणत नाहीत, हे लक्षात आल्यावर सॅम्युएल रागावून लंडनला निघून गेले. राजा कोण, याविषयी दोघांची मते निराळी होती आणि कोणीच मागे हटेना. 1702 साली राणी अ‍ॅन गादीवर आली. त्यानंतर दुरावा मिटला, आणि पुढच्याच वर्षी जॉनचा जन्म झाला.

1705 हे साल तर फारच कठीण गेले. निवडणुकीच्या धामधुमीत विरोधकांचा जमाव रात्रभर घराबाहेर गोंगाट करीत होता. त्याच दिवसांत थकलेल्या दाईला झोप लागली आणि तिच्या अंगाखाली तान्हे बाळ गुदमरून गेले. पाठोपाठ तीस पौंडांहूनही कमी कर्जासाठी सॅम्युएल यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकण्यात आले. घरात विकण्याजोगे दुसरे काही नसल्याने सुसानाबाईंनी आपल्या बोटातील अंगठ्या पतीकडे पाठविल्या; त्यांनी त्या परत केल्या. यॉर्कचे आर्चबिशप मदतीस आले, तेव्हा त्यांनी सुसानाबाईंना घरात भाकरीची कधी वाण पडली काय, असे विचारले. भाकरी नव्हती असे झाले नाही, पण ती मिळवण्याची व तिचे पैसे फेडण्याची चिंता इतकी, की कित्येकदा ती कडूच लागते, अशा आशयाचे उत्तर त्या प्रामाणिक बाईंनी दिले.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की या बाईंची शाळा निवांत आणि सुखवस्तू घरात भरत नव्हती. कर्ज, आजारपण, बाळंतपणे आणि शेजाऱ्यांचा द्वेष यांच्या मध्यावर ती रोज सहा तास भरत होती.

शाळेचा दिनक्रम

जॉन वेस्ली मोठे झाल्यावर त्यांच्या आग्रहावरून सुसानाबाईंनी 24 जुलै 1732 रोजी एक सविस्तर पत्र लिहून आपली पद्धत सांगितली. पुढे जॉन यांनी ते आपल्या रोजनिशीत छापले, म्हणूनच ती आज आपल्याला इतकी बारकाईने ज्ञात आहे.

मूल बोलू लागताच त्याला प्रभूची प्रार्थना शिकविली जाई आणि उठताना व निजताना ती म्हणून घेतली जाई. बोलता न येणारे मूलसुद्धा कौटुंबिक प्रार्थनेनंतर खुणेने आशीर्वाद मागण्यास शिकले होते. प्रभूचा दिवस इतर दिवसांहून वेगळा आहे, हे त्यांना अगदी लहानपणी समजत असे. जेवण ठरल्या वेळी. मधल्या वेळी खाणे नाही. पानात पडेल ते निमूटपणे खायचे. कडू औषधही तक्रार न करता घ्यायचे. आठ वाजता सर्वांनी अंथरुणात जायचे आणि कोणी शेजारी बसल्यावाचून झोपायचे. घरातील नोकराला काही मागायचे तर आर्जवाने मागायचे. उर्मटपणे मागणाऱ्याला ते मिळत नसे, आणि तसे बोलणाऱ्याला समजही मिळे.

अक्षरओळख मात्र पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत होत नसे. पाचवा वाढदिवस पार पडला, की दुसऱ्या दिवशी तो मोठा प्रसंग येई. आदल्या दिवशीच घर आवरून ठेवलेले असे आणि प्रत्येकाला आपापले काम नेमून दिलेले असे. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच या वेळात त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही, अशी सर्वांना ताकीद असे. त्या एका दिवसात त्या मुलाने सारी मुळाक्षरे शिकायची! मेरी आणि अ‍ॅन या दोघींना मात्र दीड दिवस लागला. त्यावरून त्या मंदबुद्धी असाव्यात असे आईला त्या वेळी वाटले, पण पुढे इतर मुलांना लागणारा वेळ पाहून तिने आपले मत बदलले. धाकट्या केझियाच्या बाबतीत इतरांच्या आग्रहामुळे पाच वर्षांचा नियम मोडला आणि लवकर सुरुवात केली. परिणाम असा, की इतरांना जितके महिने लागले होते त्याहून अधिक वर्षे तिला लागली. बालवाडीच्या प्रवेशासाठी तान्ह्या मुलांना रांगेत उभे करणाऱ्या आपल्या पिढीने हा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे.

अक्षरे आली, की दुसरे पुस्तक नव्हतेच. थेट उत्पत्तीचा पहिला अध्याय. पहिल्या वचनातील प्रत्येक शब्दाची अक्षरे जुळवायची, मग ते वचन अडखळल्यावाचून वाचता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचे, मग दुसरे. थोरला सॅम्युएल फेब्रुवारीत पाच वर्षांचा झाला आणि पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत त्याला एक पूर्ण अध्याय चांगला वाचता येऊ लागला. शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना एकेका शब्दापाशी थांबावे लागते, तेव्हा कळते की वेगाने वाचणाऱ्याच्या हातून किती निसटून जाते. सुसानाबाईंची मुले वाचायला शिकली तीच मुळी एकेका शब्दापाशी थांबत.

असे सांगतात की, एकदा पतीने मोजले तर एकाच मुलाला एकच गोष्ट त्यांनी वीस वेळा सांगितली होती. त्यांनी आश्चर्य व्यक्त करताच सुसानाबाईंनी उत्तर दिले, की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर सारे श्रम फुकट गेले असते. धार लावणे म्हणतात ते हेच.

या शाळेचे काही कायदेही होते. चूक कबूल करून सुधारण्याचे वचन देणाऱ्याला मार मिळत नसे, कारण भीतीपोटीच मुले खोटे बोलू लागतात हे आईने ओळखले होते. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही आणि झालेली चूक पुन्हा उगाळणे नाही. स्वतःच्या इच्छेला मुरड घालून केलेल्या प्रत्येक चांगल्या कृत्याची प्रशंसा व्हावी. मुलाने संतोष देण्यासाठी काही केले आणि ते नीट जमले नाही, तरी त्याचा हेतू गोड मानून घ्यावा आणि अधिक चांगले कसे करावे ते प्रेमाने दाखवावे. दुसऱ्याची वस्तू टाचणीएवढी असली तरी मालकाच्या परवानगीवाचून घेऊ नये. दिलेले वचन पाळावे. दिलेली भेट परत मागू नये.

यांत व्यवहार आणि भक्ती असे दोन कप्पे कोठेच दिसत नाहीत. टाचणीचा प्रामाणिकपणा आणि दहा आज्ञा हा एकच धडा होता. कर्जापायी बाप तुरुंगात गेलेला ज्या मुलांनी पाहिला, त्यांना दिलेला शब्द आणि दुसऱ्याचा पैसा यांचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

आगीनंतर

9 फेब्रुवारी 1709 च्या रात्री पाळकांच्या घराला आग लागली. सुसानाबाई त्या वेळी केझियाच्या वेळेस गरोदर असून दिवस भरत आले होते. जळत्या दारातून वाट काढताना त्यांचे हात व चेहरा भाजला. सर्वजण बाहेर आले, असे वाटत असतानाच पाच वर्षांचा जॉन वरच्या खिडकीत दिसला. शिडी आणण्यास वेळ नव्हता. एकाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने मुलाला बाहेर ओढून काढले. दुसऱ्याच क्षणी छप्पर कोसळले. जखऱ्या संदेष्ट्याने वापरलेली, आगीतून ओढून काढलेल्या कोलिताची उपमा जॉन वेस्ली पुढे आयुष्यभर स्वतःला लावीत असत.

ग्रंथ, कागदपत्रे, कपडे सारे भस्म झाले. नवे विटांचे घर उभे राहीपर्यंत मुले निरनिराळ्या घरी विखुरली गेली. ती परत आली तेव्हा आईला धक्का बसला. नोकरांच्या संगतीत वाटेल तसे फिरणे, उनाड गाणी, गावठी उच्चार, प्रभूच्या दिवसाची बेफिकिरी. वर्षानुवर्षे घातलेली घडी काही महिन्यांत विस्कटली होती.

त्या मातेने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. शाळेच्या सुरुवातीस व शेवटी स्तोत्रे गाण्याची प्रथा आता सुरू झाली. संध्याकाळी पाच वाजता सर्वांत मोठ्याने सर्वांत लहानाला, दुसऱ्याने त्याच्या वरच्याला, असे जोडीजोडीने एकांतात नेऊन त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या करारातील एक अध्याय वाचायचा. सकाळी स्तोत्रे आणि जुन्या करारातील अध्याय. आईच्या दहा बोटांना जे पुरे पडत नव्हते, ते तिने अशा रीतीने मुलांच्याच हाती सोपविले. मोठी मुले शिकवीत होती, आणि शिकविता शिकविता स्वतः अधिक शिकत होती.

जळालेल्या ग्रंथांची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली. प्रेषितांच्या मतांगीकाराचे विवरण, दहा आज्ञांचे विवरण, आणि आई व एमिलिया यांच्यातील धर्मसंवाद ही त्यांची लिखाणे आपल्या मुलांसाठीच तयार झाली. घरातील शाळेची पाठ्यपुस्तके घरातच निर्माण झाली.

तरंगंबाडीहून आलेली ठिणगी

आता आपण आपल्या देशाकडे वळू. 9 जुलै 1706 रोजी बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन तरुण डेन्मार्कच्या राजाने पाठविल्यावरून तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरले. तेव्हा युरोपीय लोक त्या गावास ट्रांकेबार म्हणत. झिगेनबाल्ग यांनी तामिळ मुलांच्या शेजारी बसून वाळूत अक्षरे गिरवीत ती भाषा आत्मसात केली, शाळा काढल्या आणि नव्या कराराचे तामिळ भाषांतर 1711 मध्ये पूर्ण केले. 1715 पर्यंत ते छापूनही झाले. त्यांच्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याची एक प्रत एपवर्थच्या घरी होती.

ती प्रत एमिलियाला वडिलांच्या अभ्यासिकेत सापडली आणि तिने ती आईला वाचून दाखविली. सुसानाबाई इतक्या भारावून गेल्या, की पुढे कित्येक दिवस त्यांना दुसरे काही सुचेना. आपण पुरुष नाही, पाळकही नाही. त्या सेवकांसारखे समुद्रापार जाणे आपल्याला शक्य नाही. तथापि आपले अंतःकरण खरोखर देवाला वाहिलेले असेल, तर आहोत त्याच ठिकाणी आपल्याला याहून अधिक काही करता येणार नाही काय? आणि आरंभ कोठून करावा? स्वतःच्या मुलांपासूनच, असे उत्तर त्यांच्या मनाने दिले.

येथून त्यांच्या शाळेने नवे रूप घेतले. तोवर सारी मुले एकत्र शिकत होती. आता रोज रात्री एका मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी त्यांनी वेळ राखून ठेवला. सोमवारी मेरी, मंगळवारी मेहेटाबेल, बुधवारी अ‍ॅन, गुरुवारी जॉन, शुक्रवारी मार्था, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सुसाना. त्या वेळी धडा नसे, पुस्तक नसे. त्या मुलाचे मन कोठे अडले आहे, त्याला कशाची भीती वाटते, देवाशी त्याचे नाते कसे आहे, एवढेच विचारायचे आणि ऐकायचे. चार्ल्स त्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता. त्यालाही आठवड्यातील एक संध्याकाळ मिळाली.

पुढे जॉन ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात फेलो झाले, तेव्हा या विद्वान तरुणाने आईला लिहिले, की पूर्वी गुरुवारच्या संध्याकाळी माझ्यासाठी राखीत होतीस तो थोडासा वेळ आताही माझ्यासाठी दे. सकाळी नऊ ते पाचच्या धड्यांबद्दल त्यांनी असे लिहिल्याचे ज्ञात नाही. इतक्या वर्षांनंतरही मनात ताजी राहिली होती ती आईची एकांतातील संध्याकाळ.

त्याच हिवाळ्यात पती लंडनमधील धर्मसभेस गेले असता सुसानाबाई रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना व नोकरांना प्रवचन वाचून दाखवू लागल्या. एका नोकराचे आईवडील आले, मग शेजारी, मग आणखी लोक. अखेर संख्या सुमारे दोनशेवर गेली. देवळात येईनात ते लोक येथे दाटीवाटीने उभे राहत. पतीच्या जागी सेवा करणाऱ्या साहाय्यक पाळकाने तक्रार केली आणि पतीनेही हे थांबवावे असे सुचविले. सुसानाबाईंचे उत्तर नम्र पण ठाम होते. नुसती इच्छा दर्शवू नका. स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे न्यायाच्या दिवशी देवापुढे मी दोषमुक्त होईन, असे त्यांनी कळविले. तशी आज्ञा आली नाही. ज्या शेजाऱ्यांनी पूर्वी त्यांच्या घराबाहेर गोंगाट केला होता, त्यांचे मन हळूहळू पालटू लागले.

मुली, आणि एक न भरलेली जखम

या घरातील एका नियमाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. कोणत्याही मुलीला उत्तम वाचता येईपर्यंत शिवणकाम किंवा घरकामाला लावायचे नाही. वाचन पक्के झाले, म्हणजे मग जितका वेळ व जितकी एकाग्रता वाचनाला दिली तितकीच कामाला द्यायची. मुलींना फार लवकर सुईदोरा हाती दिल्यामुळेच इतक्या थोड्या स्त्रियांना ऐकण्याजोगे वाचता येते, असे सुसानाबाईंचे मत होते. घरकामाला त्यांनी हलके लेखले नाही. पण मुलीच्या हातातले पुस्तक काढून त्याजागी काम देणे त्यांनी नाकारले. सावित्रीबाई फुले व पंडिता रमाबाई यांच्या भूमीतील वाचकांना या नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको. एमिलिया पुढे शिक्षिका झाली आणि तिने गेन्सबरो येथे स्वतःची शाळा चालविली.

परंतु या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मुलांची हट्टी इच्छा लहानपणीच मोडली पाहिजे, असे सुसानाबाई ठामपणे मानीत आणि त्यासाठी छडीही वापरीत. वर्षाच्या मुलालासुद्धा हलक्या आवाजात रडण्यास शिकविले जाई. आपण आज असे करू नये. तो त्या शतकाचा संस्कार होता, आणि त्याच घरातील दुसरे नियम, म्हणजे कबुलीला क्षमा, प्रयत्नाला प्रशंसा आणि चुकीचा पुनरुच्चार न करणे, हेच अधिक टिकाऊ ठरले.

मेहेटाबेल, म्हणजे घरची हेटी, ही सर्वांत तल्लख मुलगी. तिला ग्रीक भाषा येत होती आणि ती उत्तम कविता करी. 1725 साली ती एका प्रियकराबरोबर घर सोडून गेली, फसली, आणि गरोदर अवस्थेत परतली. घाईघाईने तिचे लग्न एका नळकाम करणाऱ्या, अशिक्षित व व्यसनी माणसाशी लावून देण्यात आले. तिची बाळे जगली नाहीत. वडिलांनी तिला अखेरपर्यंत जवळ केले नाही, आणि आईचे मनही पुष्कळ काळ कठोर राहिले. जॉनने वडिलांच्या रोषाची पर्वा न करता पतितांशी प्रेमाने वागण्याविषयी प्रवचन केले, ते या बहिणीला मनात धरूनच. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, हा घरचा कायदा हेटीच्या बाबतीत मोडला गेला होता. आणि त्याची आठवण त्याच शाळेत शिकलेल्या मुलाने करून दिली. आईबापांचा नियम कधी कधी मुलेच अधिक निष्ठेने पाळतात.

अखेरची वर्षे

मुलगे घरी कायमचे ठेवून घेतलेले नव्हते. सॅम्युएल चौदाव्या वर्षी वेस्टमिन्स्टर शाळेत गेला, जॉन दहाव्या वर्षी चार्टरहाउसला, आणि चार्ल्स 1716 मध्ये आठव्या वर्षी वेस्टमिन्स्टरला. सुसानाबाईंनी घर आणि शाळा यांत वैर मानले नाही. शाळा जे देऊ शकत नाही ते घराने आधीच दिलेले असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढची पत्रे पाहिली तर दिसते, की घर सुटले तरी आईची शाळा सुटली नव्हती. विश्वास, मोह, अभ्यास, कर्ज या सर्वांवर ती मायलेकरे लिहीत राहिली.

1735 साली पती वारले आणि पाळकाचे घर सोडावे लागले. त्यानंतर सुसानाबाई आळीपाळीने मुलांकडे राहिल्या. जॉन व चार्ल्स यांनी अमेरिकेतील जॉर्जियास सेवेसाठी जावे काय, असा प्रश्न आला तेव्हा त्या विधवा मातेने त्यांना अडविले नाही. वीस मुलगे असते तरी सर्वांना आनंदाने धाडले असते, असा त्यांचा भाव होता. 1738 च्या मे महिन्यात दोन्ही भावांना तारणाचा वैयक्तिक अनुभव आला आणि इंग्लंडभर जागृती पसरली. सुसानाबाईंनाही उतारवयात प्रभुभोजनाचा प्याला घेताना आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री अंतःकरणात पटली. शिकविणारी आई सत्तरीतही शिकत होती.

अखेरची वर्षे त्या लंडनमधील फाउंडरी या उपासनागृहात जॉनपाशी राहिल्या. थॉमस मॅक्सफिल्ड हा दीक्षा न घेतलेला तरुण उपदेश करू लागल्याचे ऐकून जॉन संतापून आले. आईने त्यांना सावरले आणि आधी त्याचे ऐक, मग निवाडा कर, असे सुचविले. जॉनने ऐकले आणि तो देवाचा हात आहे हे ओळखले. सामान्य विश्वासी माणसाच्या उपदेशाला मेथडिस्ट चळवळीत जे स्थान मिळाले, त्याच्या मुळाशी स्वयंपाकघरात दोनशे लोकांना प्रवचन वाचून दाखविणारी ही माता आहे.

जुलै 1742 मध्ये त्यांनी देह ठेवला. आपला प्राण सुटताच देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांनी मुलांना विनंती केली होती. भोवती उभ्या असलेल्या लेकरांनी ती पाळली. लंडनच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत मोठ्या समुदायासमोर जॉननेच त्यांचा अंत्यविधी केला. चार्ल्सने रचलेल्या सहा हजारांहून अधिक गीतांपैकी कित्येक आज अनेक भाषांत गायिली जातात. आणि त्या चळवळीचे एक सेवक विल्यम टेलर 1870 मध्ये भारतात आले व लवकरच त्यांच्या सेवेतून मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. तरंगंबाडीहून एपवर्थला गेलेली ठिणगी अशा रीतीने फिरून आपल्या देशात आली.

आपल्या घरांसाठी

आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आज महाराष्ट्रापुरती राहिलेली नाहीत. इंदूर, भोपाळ, हैदराबाद, बंगलोर, दिल्ली अशा शहरांत ती विखुरली आहेत. तेथील शाळांत मराठी नाही, आणि असली तरी प्रभूचे वचन नाही. घरातील मराठी शास्त्र कपाटात असते आणि नातवंडांना त्यातील अक्षरे अनोळखी असतात. शास्त्राच्या भाषांतरासाठी कितीही वर्षे वेचली, तरी जे पान घरात कोणी उघडीत नाही ते मुक्याच्या मुक्यानेच राहते. ही उणीव कोणतीही संस्था भरून काढू शकणार नाही. ती आईवडील, आजी आणि आजोबाच भरून काढू शकतील.

त्यासाठी सहा तासांची शाळा घरी भरवण्याची गरज नाही. सुसानाबाईंच्या घरातील प्रत्येक गोष्ट आपल्याला जमणारही नाही, आणि काही गोष्टी जमवूही नयेत. परंतु उत्पत्तीचा पहिला अध्याय एकेक शब्द लावीत लेकरासोबत वाचणे, हिशेबाचा चुकता पैसा त्याच्याच हाताने दुकानदाराला परत करविणे, मोठ्या भावंडाला धाकट्याचा गुरू करणे, मुलीच्या हाती आधी पुस्तक देणे, हे कोणत्याही घरात होऊ शकते. आणि आठवड्यातील एक संध्याकाळ, एकाच मुलासाठी, दार लोटून घेतलेली! दहा मुले, कर्ज आणि जळालेले घर असूनही त्या मातेला ती सापडली. दोन मुलांच्या आपल्या घरात ती सापडत नसेल, तर तिचा शोध आजच घ्यावा लागेल.

जिने दुसऱ्यांच्या लेकरांकडे पाठविलेल्या सेवकांची कथा वाचून स्वतःच्या लेकरांकडे वळून पाहिले, त्या मातेसाठी आपण देवाचे आभार मानू या, आणि आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत असलेल्या सेवाक्षेत्राकडे पाहण्याची दृष्टी तो आपणा सर्वांस देवो, अशी प्रार्थना करू या.